गाण्याआधीचा ‘संशयकल्लोळ’

‘संगीत संशयकल्लोळ’चे नाव काढले की पुण्यातल्या जुन्या नाट्यरसिकाला आधी एखादे पद आठवते आणि मग त्यातली माणसे. फाल्गुनराव, कृत्तिका, भादव्या यांना कोणी विसरलेले नाही. पण ती गाण्यांच्या पाठोपाठ येतात, लग्नघरात वाजंत्र्यांमागून वऱ्हाडी यावेत तशी. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. हे नाटक तब्बल २३ वर्षे गाण्यावाचून होते. १८९३ साली गोविंद बल्लाळ देवलांनी ते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ या नावाने गद्यात लिहिले. १९१६ साली त्यात पदे आली, नाव बदलले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर ते ‘संशयकल्लोळ’ म्हणून उभे राहिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये देवल वारले. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपल्याच जुन्या नाटकावर पुन्हा हात फिरवला होता.

एकाच नाटकाची ही दोन रूपे समोर ठेवली की एक प्रश्न टाळता येत नाही. गाणी आल्याने नाटकाला काय मिळाले आणि त्यापायी काय गेले? आपण शंभर वर्षे फक्त मिळकतीचाच हिशेब मांडत आलो. माझे म्हणणे असे की ‘संशयकल्लोळ’ हे गाणी असलेले प्रहसन आहे, आणि आपण मात्र त्याचे प्रयोग प्रहसन असलेली मैफल समजून करतो. या गैरसमजात सर्वांत जास्त नुकसान गद्याचे झाले आणि गद्य मोडल्यावर गाण्यांचेही झाले.

नाटकाचे कुळ परदेशी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. मोलिएरने १६६० साली पॅरिसमध्ये एका संशयी नवऱ्याचे छोटे प्रहसन केले. शंभर वर्षांनी, १७६१ साली, आर्थर मर्फी या आयरिश नाटककाराने त्यावरून ‘ऑल इन द राँग’ हे पाच अंकी इंग्रजी नाटक रचले. देवलांच्या हाती आले ते मर्फीचे. मर्फीने केलेला एक बदल फार मोलाचा होता. मोलिएरकडे संशयाचा मक्ता मुख्यतः नवऱ्याकडे. मर्फीने बायकोलाही तितकेच संशयी केले. त्यामुळे एकजण आरोपी आणि दुसरा फिर्यादी असा मामला उरला नाही, दोघेही एकाच वेळी दोन्ही झाले. गंमत अशी की लंडनमध्ये आज मर्फीचे नाव नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यापलीकडे फारसे कोणी घेत नाही, आणि सदाशिव पेठेत मात्र त्याचा नायक ‘आमचा फाल्गुनराव’ होऊन बसला आहे.

देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे, अण्णासाहेब किर्लोस्करांचे शिष्य. १८८० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतल’ झाले आणि मराठी संगीत नाटकाची वाट मोकळी झाली, त्या पिढीचे ते पाईक. रूपांतराच्या कामात त्यांचा हात बसलेला होता. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ त्यांनी मराठीत आणले, ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. हा शेवटचा दाखला महत्त्वाचा आहे. ऑथेल्लोही संशयीच नवरा. तिथे बायकोचा रुमाल खून घडवतो, इथे एक तसबीर घर डोक्यावर घेते. दोन्ही नाटकांच्या मुळाशी हातातून हातात फिरलेली एक क्षुल्लक वस्तूच आहे. संशयाची शोकांतिका आणि संशयाचे प्रहसन ज्याने तीन-चार वर्षांच्या अंतराने लिहिले, त्याला या रोगाची नाडी नीट कळलेली असणार.

पात्रांची नावेही पाहा. पुरुष सगळे महिने: फाल्गुनराव, अश्विनशेट, वैशाखशेट, गडी तो भादव्या. बायका सगळ्या नक्षत्रे: कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. शिमग्याच्या महिन्याचे नाव धारण करणाऱ्या गृहस्थाच्या घरात बारा महिने बोंबाबोंब, हे ओघानेच आले. आणखी बारकाईने पाहिले तर कृत्तिका नक्षत्राचे लग्न खरे म्हणजे कार्तिकाशी जुळते, फाल्गुनाशी नव्हे. आणि रेवती मात्र नक्षत्रमालेत अश्विनीच्या अगदी शेजारी. मुद्दाम केले असो वा सहज जमले असो, मला ही मांडणी पंचांग जाणणाऱ्या प्रेक्षकाकडे बघून मिचकावलेला डोळा वाटते.

आता तसबीर. रस्त्यात रेवतीला भोवळ येते आणि फाल्गुनराव तिला सावरतात. हे त्यांच्या बायकोच्या, कृत्तिकेच्या नजरेस पडते, म्हणजे पहिली ठिणगी. त्या गडबडीत रेवतीजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर खाली पडते आणि कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर न्याहाळते आहे, एवढ्यात फाल्गुनराव तिला पाहतात, ही दुसरी ठिणगी. तसबीर आता फाल्गुनरावांकडे. पुढे अश्विनशेटला आपलीच तसबीर या परक्या गृहस्थाच्या हातात दिसते आणि रेवतीने ती देऊन टाकली असा त्याचा ग्रह होतो. आता एवढ्या कल्लोळात एकही माणूस खोटे बोललेला नाही. प्रत्येकाने जे पाहिले ते खरेच घडले होते. चूक झाली ती पाहण्यात नव्हे, पाहिल्यावर लगेच निवाडा देण्यात. प्रहसनाच्या रचनेत याहून कठीण काही नाही. खोटेपणावर, वेषांतरावर, चोरीच्या पत्रांवर विनोद उभा करणे सोपे. सगळी माणसे प्रामाणिक ठेवून घोटाळा माजवणे हे सुताराच्या नजरेचे काम आहे.

आणि ही रचना वेळेवर चालते. प्रेक्षकाला सगळे ठाऊक असते, पात्रांना काही ठाऊक नसते. ही दरी हसू आणते, पण त्यासाठी एक गैरसमज विरायच्या आत दुसरा येऊन थडकावा लागतो. नटाने तसबीर उपरण्याखाली लपवायची, ती शेवटच्या रांगेतल्यालाही दिसली पाहिजे आणि समोरच्या पात्राला मात्र अर्धीच दिसली पाहिजे. वाक्य संपायच्या आत विंगेतून पुढचे माणूस आले पाहिजे. अर्ध्या श्वासाचा उशीर झाला की प्रेक्षक विचार करू लागतो, ‘अरे, हा सरळ विचारत का नाही?’ आणि ज्या क्षणी हा प्रश्न प्रेक्षागृहात उठतो त्या क्षणी नाटक कोसळते. या तऱ्हेच्या नाटकाला विचार करायला सवड मिळता कामा नये.

मग अशा नाटकात गाणी घालायची म्हणजे त्याच्या पायात खोडा घालणेच की. पण देवलांनी तसे होऊ दिले नाही, आणि का होऊ दिले नाही ते पाहण्यासारखे आहे.

बहुतेक पदे अश्विनशेट आणि रेवती यांच्या वाट्याला आली. घरातले भांडण, फाल्गुनराव आणि कृत्तिका यांची जुगलबंदी, भादव्या आणि रोहिणीची लावालावी ही मुख्यतः गद्याचीच राहिली. म्हणजे देवलांनी नाटक सरसकट संगीत केले नाही. त्यांनी त्याचे दोन प्रदेश पाडले. एका प्रदेशात माणसे बोलतात, तावातावाने, एकमेकांचे वाक्य तोडून. दुसऱ्या प्रदेशात माणसे गातात. पहिल्यावर आपण हसायचे, दुसऱ्यावर विश्वास ठेवायचा. गद्य रूपात अश्विनशेट आणि रेवती यांना ही वेगळी जागा नव्हती. फाल्गुनरावाशेजारी उभा राहिलेला प्रत्येक माणूस थोडा हास्यास्पद होतोच. गाण्याने त्या दोघांना त्यातून बाहेर काढले. पदे आखूड ठेवली, चाली ओळखीच्या वळणाच्या ठेवल्या. पद संपले की संशय पुन्हा दारात उभा.

रेवतीच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. मर्फीची नायिका चांगल्या घरची मुलगी. तिच्या आड येतो तो बापाने ठरवलेला दुसरा वर. देवलांनी तिला नायकिणीची मुलगी केले. असे का केले असेल? एक उत्तर सोयीचे: त्या काळच्या मराठी रंगमंचावर स्वतःच्या मर्जीने प्रेम करणारी, परपुरुषाशी मोकळेपणाने बोलणारी, गाणे येणारी तरुण बाई दाखवायची तर ती कुलीन घरातली दाखवणे अवघडच. ‘मृच्छकटिक’मधली वसंतसेना देवलांच्या हाताखालून गेलेली होतीच. पण या सोयीतून त्यांनी जे साधले ते सोयीपुरते राहिले नाही. फाल्गुनरावांचा संशय हा त्यांच्या स्वभावाचा रोग आहे. त्याला औषध नाही, म्हणून तो विनोदी. अश्विनशेटचा संशय तसा नाही. तो एरवी शहाणा, उमदा माणूस. तसबीर परक्याच्या हातात पाहताच त्याच्या मनात जे उसळते ते ‘हिने मला फसवले’ एवढेच नसते. ‘शेवटी ही नायकिणीचीच’ हे असते. म्हणजे त्याच्या संशयाची बी त्याच्या मनात समाजाने आधीच पेरून ठेवलेली आहे. तसबिरीने फक्त पाणी घातले.

‘शारदा’ला आपण सामाजिक नाटक म्हणतो, १८९९ पासून म्हणत आलो, आणि ते योग्यच आहे, बाल-जरठ विवाहाचा प्रश्न त्यात उघड्यावर मांडलेला आहे. ‘संशयकल्लोळ’ला मात्र ‘निखळ करमणूक’ अशी चिठ्ठी चिकटवून आपण मोकळे झालो. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ साली ज्या पुण्यात रान उठले होते, त्याच पुण्याच्या प्रेक्षकाला दोन वर्षांनी देवलांनी नायकिणीच्या मुलीच्या बाजूने बसवले, तिच्यावर घेतलेला आळ खोटा ठरताना तिच्यासाठी हळहळायला लावले, आणि एका प्रतिष्ठित तरुणाशी तिचे जमताना टाळ्या वाजवायला लावल्या. कोणी खळखळ केल्याचा गाजावाजा नाही. हसण्याच्या भरात माणूस बरेच काही मान्य करून जातो.

१९१६ साली ही रेवती झाले बालगंधर्व आणि फाल्गुनराव झाले गणपतराव बोडस. दोघेही तीन वर्षांपूर्वी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गोविंदराव टेंब्यांसह गंधर्व नाटक मंडळीचे संस्थापक झालेले. दोघेही देवलांच्या तालमीत तयार झालेले, आणि देवल हे तालीम मास्तर म्हणून नाटककाराइतकेच मोठे होते. शब्द कुठे तोडायचा, कुठे नुसते बघायचे, हे ते नटाकडून घोटून घेत. ही जोडी म्हणजे नाटकातल्या त्या दोन प्रदेशांचे दोन राजेच. एकीकडे ज्याच्या गळ्यासाठी लोक वेडे झाले तो गायक नट, दुसरीकडे ज्याच्या बोलण्याच्या ढंगासाठी लोक येत तो विनोदी नट. तराजूची दोन्ही पारडी जड होती, म्हणून काटा मध्ये राहिला. बोडसांचा फाल्गुनराव पुढच्या प्रत्येक नटाला माप म्हणून लावला गेला.

त्याच काळात लंडनमध्ये संगीत विनोदी नाटकाचे पीक आले होते. आपला गद्य ‘फाल्गुनराव’ आला त्याच १८९३ साली जॉर्ज एडवर्ड्सने तिथे ‘अ गेइटी गर्ल’ आणले आणि पुढची वीसेक वर्षे त्या धर्तीच्या नाटकांनी तिकीटबाऱ्या गाजवल्या. तिथे कथानक पातळ असे, गाणी चालू प्रयोगातसुद्धा बदलत, एकाची काढून दुसऱ्याची घालत. ती नाटके आज नावापुरती उरली. देवलांची दिशा नेमकी उलटी होती. आधी २३ वर्षे घट्ट बसलेले गद्य, आणि त्यात मोजून जागा करून बसवलेले गाणे. ‘संशयकल्लोळ’ टिकले ते या क्रमामुळे, असे माझे मत आहे.

मग तराजू कधी झुकला? दोष एकट्या कोणाचा नाही. आधी ‘वन्स मोअर’. खाडिलकरांच्या ‘मानापमान’मध्ये तेच पद तीनदा झाले तर नाटक फक्त लांबते, तिथे नायक धैर्यधर वाट बघू शकतो. ‘संशयकल्लोळ’मध्ये पद तीनदा झाले की मघाशी सांगितलेला तो घातक प्रश्न प्रेक्षकाच्या मनात येतो. तसबीर फाल्गुनरावांच्या हातात तशीच, आणि सगळे मांडीवर ताल धरून बसलेले. त्या काळी नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालत, त्यामुळे सवड भरपूर होती आणि सवडीनेच घात केला. पुढे ग्रामोफोनचा प्रसार झाला. तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावे. पद नाटकातून सुटून घरोघर गेले. १९५३ साली पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले आणि नाट्यसंगीत हा स्वतंत्र ऐकण्याचा प्रकार म्हणून रूढ झाला. नंतर ते शास्त्रीय मैफलीच्या उत्तरार्धात जाऊन बसले. रेवतीचे पद गाणाऱ्या गायिकेला रेवती कोण हे ठाऊक असायलाच हवे अशी गरज उरली नाही. त्यात संगीताचे काही बिघडले नाही. उलट या वाटेनेच ते जगले, कारण १९३० नंतर बोलपट आला आणि गंधर्व मंडळीसारखी मातब्बर संस्थाही काही वर्षांतच बसली. बालगंधर्व स्वतः १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त दिसले.

पण नाटक पुन्हा उभे करायची वेळ आली तेव्हा ते या तबकडीच्या आठवणीवरून उभे केले गेले. भरत नाट्य मंदिर असो, शिलेदारांची ‘मराठी रंगभूमी’ असो, राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी संस्था असोत किंवा गोव्यातल्या देवळांच्या उत्सवात रात्र जागवणारी मंडळी असोत, यांनी हे नाटक जिवंत ठेवले याबद्दल त्यांना शंभर नमस्कार. त्यांनी ते केले नसते तर आज हा लेख लिहायलाही काही उरले नसते. तक्रार आहे ती कात्रीची. पाच-सहा तासांचे नाटक अडीच-तीन तासांत बसवायचे, नाट्यगृहाचे सत्र संपायच्या आत पडदा पाडायचा, म्हणजे काटछाट आलीच. कात्री फिरते ती गद्यावर. पद काढले तर प्रेक्षक तिकीटबारीवर येऊन विचारतो. भादव्याचे एक पान गेले तर कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते निराळ्या रीतीने. दुसऱ्या अंकात कुठेतरी हशा पातळ होतो, शेजारचे गृहस्थ मध्यंतरातल्या बटाटेवड्याची चौकशी करू लागतात, आणि आपण म्हणतो, ‘जुन्या नाटकांचा विनोद आता शिळा झाला हो.’ विनोद शिळा झालेला नसतो. त्याचा एक दुवा गाळलेला असतो, म्हणून पुढचा गैरसमज हवेतून आल्यासारखा वाटतो.

राहुल देशपांडे आणि प्रशांत दामले यांनी गेल्या दशकात हे नाटक पुन्हा आणले तेव्हा एक गोष्ट चांगली झाली. गायक आणि विनोदी नट, दोन्ही आपापल्या परीने प्रेक्षक खेचणारे. १९१६ चाच हिशेब होता तो, कळत असो वा नकळत. फाल्गुनराव हा गाण्यांच्या मधला वेळ भरणारा माणूस नाही, हे नव्या प्रेक्षकाला त्यातून तरी कळले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गाणी नसती तर १८९३ चा ‘फाल्गुनराव’ आज कोणाला आठवला असता? त्या काळची कितीतरी गद्य प्रहसने वाळवीच्या पोटात गेली. हे मला मान्य आहे. पदांनी नाटक तारले यात वाद नाही. पण तारले म्हणजे घडवले नव्हे. आणि तारणाऱ्या पदांचीसुद्धा खरी किंमत नाटकातच कळते. रेवतीवर आळ आल्यानंतर ती जे पद म्हणते, ते मैफलीत ऐकताना आपण हरकती मोजतो. तेच पद, आधीच्या वीस मिनिटांत सगळे गावचे संशयी एकमेकांवर आदळून प्रेक्षक हसून दमलेला असताना ऐकले, तर हसू चेहऱ्यावरच थिजते. ही किमया गळ्याची खरी, पण तिची अर्धी तयारी भादव्याने आणि रोहिणीने करून ठेवलेली असते. त्यांची पाने कापून रेवतीला न्याय मिळत नाही.

मला विचाराल तर भरत नाट्य मंदिरासारख्या संस्थेने एकदा तरी तालमीचे पहिले पंधरा दिवस पेटी आणि तबला बाहेर ठेवून बघावे. १८९३ चे नाटक बसवत आहोत असे समजून नुसते गद्य उभे करावे, दारे-खिडक्या, तसबीर, येणे-जाणे सगळे घड्याळ लावून. ते पक्के झाले की पदे आत घ्यावीत, आणि प्रत्येक पदाला विचारावे, तू कुठल्या संशयाच्या मागून आलेस. काही पदांना उत्तर देता येणार नाही. ती गाळावीत, कितीही गाजलेली असोत. पात्रयोजनेची सुरुवातही तेव्हा रेवतीपासून न होता कृत्तिकेपासून करावी लागेल. मर्फीने तिला नवऱ्याच्या तोडीचे केले, देवलांनी तिला मराठी घरातली धार दिली, आणि आपण मात्र गाणारी रेवती ठरली की उरलेल्या मुलींतली एक कृत्तिकेसाठी निवडतो. फाल्गुनरावासमोर जिला पाऊल मागे घ्यायचे नाही, त्याच्या प्रत्येक वाक्याला त्याच वेगाने वाक्य फेकायचे आहे, अशी नटी शोधायला रेवतीसाठी गळा शोधण्याइतकाच वेळ द्यावा लागेल. आणि ती सापडली तर जाहिरातीत तिचे नाव अश्विनशेटच्या आधी छापावे लागेल.